पाचवी मंगलाष्टका

"सर, माझ्या आईला मारू नका."

हे वाक्य कानावर आलं तेव्हा मी वाईच्या घाटावर, अगदी खालच्या पायरीवर, तोंडभर दंतमंजन घेऊन बसलो होतो. माघातली सकाळ होती. धुकं इतकं दाट की कृष्णा दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती. पलीकडच्या देवळाचा कळस तेवढा कुणीतरी वर अडकवून ठेवल्यासारखा दिसत होता. अशा वेळी कुणी काहीही बोललं तरी ते आपल्या झोपेतलंच वाटतं. म्हणून मी वळलोच नाही. तेच वाक्य दुसऱ्यांदा आलं तेव्हा वळलो.

वर चारुशीला धनावडे उभी होती. माझी जुनी विद्यार्थिनी, हळदीचे व्यापारी यशवंतराव धनावडे यांची एकुलती एक लेक. तिचं लग्न पंधरवड्यावर आलं होतं. फलटणच्या जगदाळ्यांच्या घरात पडणार होती, मुलगा तिला पसंत होता, दोन्हीकडची माणसं खूश होती. अशी मुलगी सकाळी सकाळी शाल गुंडाळून मास्तराला नदीवर गाठते, आईला मारू नका म्हणते, आणि मास्तराच्या तोंडात मंजन. मी घाईघाईने चूळ भरली, ती अर्धी सदऱ्यावरच गेली.

ती कशाबद्दल बोलत होती ते मला लगेच कळलं. न कळायला मी काही दुधखुळा नव्हतो.

त्या काळी मी वाईला शाळेत मराठी शिकवायचो आणि उरलेल्या वेळात कवी होतो. कवी म्हणून मला माझ्याशिवाय कुणी ओळखत नसे. रक्त आटवून लिहिलेल्या माझ्या कविता मासिकांकडून साभार परत येत, त्याही इतक्या तत्परतेने की पोस्टमनला माझी कीव येऊ लागली होती. पण मंगलाष्टकांचं तसं नव्हतं. पंचक्रोशीत कुठेही लग्न निघालं की आचाऱ्याच्या आधी आगाशे मास्तरांना निरोप यायचा. शार्दूलविक्रीडित वृत्त माझ्या बोटांत बसलं होतं. गणपती, कुलदैवत, आजे-पणजे, आईवडील, मामा, सगळ्यांना एकेक कडवं वाटून द्यायचं आणि शेवटी 'कुर्यात् सदा मंगलम्' म्हणून मोकळं व्हायचं. ते सगळं पातळ गुलाबी कागदावर छापून मांडवात वाटत, माईकवर म्हणायचं बहुधा मलाच असे, आणि कागदाखाली बारीक टायपात 'रचना : श्री. मो. वि. आगाशे' असं असे. लोक त्याच कागदात पुढे लाडू बांधून नेत. तरी छापलेलं नाव ते छापलेलं नाव. माझी काय ती कीर्ती तेवढीच, आणि ती मला फार प्रिय होती.

आता मंगलाष्टका म्हणजे थापांचं कोठार, हे काय मला माहीत नव्हतं? माझ्या कडव्यांत एकही नवरी सावळी नव्हती, एकही सासू खाष्ट नव्हती, आणि नवरे तर सगळे राजहंस. पण ते सगळ्यांनाच ठाऊक असतं, त्यामुळे त्याने कुणाचं काही बिघडत नाही.

आदल्याच संध्याकाळी यशवंतराव स्वतः येऊन कुणाकुणाची कडवी हवीत ते सांगून गेले होते. "पाचवी चारूच्या आईची," ते म्हणाले, "स्वर्गातनं आशीर्वाद देतीय, आसं कायतरी झोकात." एवढं बोलून ते पायात वहाणा सरकवण्यात फार वेळ गुंतले होते.

गोम अशी होती, की चारूची आई जिवंत होती.

इंदुमतीबाईंना मी पाहिलेलं नव्हतं. मी वाईला आलो तो त्या गेल्यानंतर. पण त्यांच्याबद्दल ऐकलं नाही असा एक दिवस त्या गावात जात नसे. लग्नाआधी त्या गाणं शिकलेल्या. लग्न झाल्यावर व्यापाऱ्याच्या सुनेनं गायचं कुठे? तर दुसऱ्यांच्या लग्नात, मंगलाष्टका म्हणताना. तेवढी मुभा बायकांना असते. म्हणे त्यांचा आवाज लागला की अक्षता टाकायच्या राहून जायच्या, माणसं मुठी तशाच धरून उभी राहायची. चारू तिसरीत असताना एक दिवस त्या कापडी पिशवी घेऊन घरातून निघून गेल्या. कुणी म्हणे पेटीवाल्याबरोबर, कुणी म्हणे एकट्याच. यशवंतरावांनी वर्षभर वाट पाहिली. मग बायको माहेरी काविळीनं गेली असं सांगून त्यांनी तेरावं घातलं. गाव जेवलं. गावाला खरं काय ते ठाऊक होतं, पण पंगतीला बसून जेवल्यावर बोलणार कोण? खाल्ल्या मिठाला जागणं असंही असतं.

फलटणला मात्र यातलं काही माहीत नव्हतं. पत्रिकेत 'कै. सौ. इंदुमती' असं छापून गेलं होतं.

"पत्रिका मी वाचलीच नाही," चारू म्हणाली. ती माझ्यापासून दोन पायऱ्या वर बसली होती आणि शालीच्या दशा ओढत होती. "पण मंगलाष्टका मला उभं राहून ऐकाव्या लागतील. डोळे मिटता येतात सर, कान मिटता येत नाहीत. आणि त्या कडव्यालाही माणसं अक्षता टाकतील. माझी आई मेली म्हणून अक्षता टाकतील."

मी म्हणालो, आईचं कडवं गाळूनच टाकतो.

"गाळलं तरी ती मेलेलीच राहते."

मग ती म्हणाली, "तुम्हीच वर्गात सांगितलं होतं, खोटं लिहिलेलं सगळ्यात आधी लिहिणाऱ्याला कळतं."

मास्तर वर्गात काय काय बोलून जातात, ते सगळं कुणी जपून ठेवायचं नसतं. पण काही पोरं ठेवतात. आई पाचगणीला असते, एका निवासी शाळेत मुलांना गाणं शिकवते, हेही तिनेच मला सांगितलं. मावशीकडून कळलं होतं. ती स्वतः कधी गेली नव्हती, कारण आबांना, म्हणजे यशवंतरावांना, कळलं तर ते काय करतील यापेक्षा काहीच करणार नाहीत, नुसते बसून राहतील, याची तिला भीती वाटायची. बोलता बोलता ती उठली आणि जशी आली तशी धुक्यात गेली. कवी असल्याची मला त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली.

शाळा सुटल्यावर मी यशवंतरावांच्या गोदामात गेलो. हळदीचा हंगाम होता. शिजलेल्या हळदीचा तो उग्र, मातकट वास गावभर असायचा, पण गोदामात तो अंगावर यायचा. वरच्या झरोक्यातून ऊन आत पडलं होतं आणि त्यात पिवळी धूळ हळूहळू वर जात होती. त्या धुळीत यशवंतराव पोत्यावर बसले होते. भुवया, मिशा, सदरा, सगळं पिवळं. जन्मभर हळद लागलेल्या नवरदेवासारखा माणूस.

मी आडून आडून सुरुवात केली. म्हटलं, आईचं कडवं न घातलं तर बरं, शुभप्रसंगी मृत्यूचा उल्लेख नको. त्यांनी मला पुरतं बोलू दिलं. व्यापाऱ्याला घाई नसते.

"सर, चारू आलती ना तुमच्याकडं?" ते म्हणाले. मी सदऱ्यावरची पिवळी धूळ झटकली, म्हणजे हो म्हणालो. "आसं बघा. मेलेल्या आईचं कडवं नसलं तर जगदाळ्यांच्या बायका पहिल्यांदा तेच इचारत्यात. खोटं बोलायचं तर पुरतं बोलावं लागतं. अर्धं बोललं की पकडलं जातं."

मी म्हणालो, माझ्याच्याने ते लिहवणार नाही.

त्यावर ते हसले. चिडले असते तर बरं झालं असतं. "आवो, मागल्या साली पांडू भोसल्याच्या पोराला तुम्ही राजहंस म्हणालात. ते पोरगं त्या पोत्यागत दिसतंय. त्याच्या बापाला तुम्ही दानशूर केलं. त्यानं जन्मात कुणाला चहा पाजला न्हाई. ते खोटं तुम्हाला चालतं. आन् माझ्या लेकीचा संसार उभा ऱ्हावा म्हणून मी एक शब्द मागितला, तर तुमचा धर्म बुडतो? कुठलं खोटं चांगलं आन् कुठलं वंगाळ, ते तुमच्या पुस्तकात कुठं लिवलंय ते तरी दावा."

आज इतकी वर्षं मी साहित्यावर व्याख्यानं देत फिरतो, तरी या प्रश्नाला ठोक उत्तर माझ्यापाशी नाही. तेव्हा मी एवढंच केलं, की दोन दिवसांत करून आणतो म्हणून उठलो. उठताना त्यांनी खाली बघत आणखी एक गोष्ट सांगितली. दर वर्षी ते तिचं श्राद्ध घालत, आणि त्या दिवशी त्यांना स्वतःला घास गिळत नसे.

घरी येऊन मी कडवं लिहून पाहिलं. हात सरावलेला, दोन ओळी पाण्यासारख्या आल्या:

स्वर्गातून बघे सदैव जननी, माया तिची ना सरे
लेकीच्या पदरी सुखे उतरु दे, हे मागते अंतरे

वृत्तात कुठे खोट नव्हती. वाचून डोळ्यांत पाणी यावं अशा त्या उतरल्या होत्या, आणि तेच वाईट होतं. वाईट कविता खोटं बोलली तर तिच्याकडे कोण लक्ष देतं? पण ही ओळ मांडवात म्हटली गेली असती तर बायकांनी पदर डोळ्यांना लावले असते, आणि इंदुमतीबाई पाचगणीला जिवंतपणी कायमच्या मेल्या असत्या. मी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि ठरवलं, की ज्या बाईला आपण मारायला निघालोय तिला एकदा विचारून तरी यावं.

रविवारी एसटीने पसरणीचा घाट चढलो. घाटात ढग उतरले होते. गाडी इतकी सावकाश चालली होती, की पुढे रस्ता आहे हे ड्रायव्हरला नुसतं आठवत असावं. वर शाळेच्या आवारात उंच सिल्व्हर ओकची झाडं होती, आणि त्यांच्या बुंध्यांपलीकडे काहीच नव्हतं, नुसता पांढरा ओलसर ढग. ढगातून मुलांचे सूर येत होते, सारेगम, मग पुन्हा सारेगम. ते थांबले आणि थोड्या वेळाने शाल घेतलेली एक ठेंगणी बाई त्या पांढऱ्यातून बाहेर आली. केस बरेच पिकलेले. डोळे चारूचे.

मी नाव सांगितलं, वाईहून आलोय म्हणालो, मंगलाष्टका लिहितो म्हणालो. त्यांना नवल वाटलं नाही. बाकावर बसत त्या म्हणाल्या, "मी कुणाबरोबर गेले ते विचारायला आला असाल."

"नाही."

"सगळे विचारतात. कुणाबरोबरही नाही गेले. आणि तेच लोकांना पचत नाही. बाई कुणाचा तरी हात धरून गेली तर निदान समजतं तरी. गाण्यासाठी गेली म्हटलं तर हसतात."

मुलीला मागे ठेवून गेल्या, हे मी बोललो नाही. ते माझ्या तोंडावर दिसलं असावं. त्या म्हणाल्या, "पहिल्या वर्षी न्यायला आले होते मी तिला. आमच्या मावसबहिणीच्या घरी थांबून निरोप पाठवला. हे आले, माझ्याशी बोलले नाहीत, नुसते दारात बसून राहिले. दिवसभर. मला त्या माणसाकडून त्याची लेकही काढून घेववेना. मी परत गेले. चूक केली की बरोबर केलं, मला अजून सांगता येत नाही."

मग मी येण्याचं कारण सांगितलं. चारू काय म्हणाली, यशवंतराव काय म्हणाले, सगळं. म्हणालो, लिहायचं तुमच्याबद्दल, तर तुम्हाला विचारावं असं वाटलं.

"लिहा," त्या म्हणाल्या. "मेलेल्या आईचं दुःख सोपं असतं, सासरी सांगता येतं. निघून गेलेल्या आईचं सांगता येत नाही. तिला सोपं तेच द्या. बघू, काय लिहिलंय?"

मी खिशातून कागद काढून दिला. त्यांनी तो चष्म्याजवळ धरून वाचला, मग मांडीवर ठेवला आणि बसल्या बसल्या, कुणाला ऐकवायचं म्हणून नव्हे, म्हणायला लागल्या. मंगलाष्टकांची ती जुनीच चाल, माझ्या कानांना रोजची. पण मी तशी कधी ऐकली नव्हती. आवाज मोठा नव्हता, थोडा फाटलाही होता. त्या ढगात समोरची झाडं दिसेनाशी झाली, माझे हात मला दिसेनासे झाले, आणि एक जिवंत बाई आपण स्वर्गात असल्याचं गाणं सुरात म्हणत होती. क्षणभर मला वाटलं, खरंच गेल्यात या, आणि मीही गेलोय, आणि हे जे पांढरं आहे ते तेच आहे. मला रडू आलं. का ते सांगता येणार नाही, पण आलं.

"ओळ चांगली आहे," त्या म्हणाल्या. "आणि सगळीच काही खोटी नाही. स्वर्गातून नाही, पण बघते मात्र खरी. दारादारातून बघत आलेय मी तिला. शाळेसमोर ते कापडाचं दुकान आहे ना, त्याच्या दारातून. देवळाच्या दारातून. दहावीचा निकाल लागला त्या दिवशी एसटीच्या दारातून, उतरायचं धाडस झालं नाही. तशीच गाडीबरोबर पुढे गेले." मग त्यांनी कागद माझ्या हातात दिला. "लग्नाला मी येणार नाही. तिला सांगू नका, की मी भेटले."

उतरताना गाडीत मी खिडकीला डोकं टेकून बसलो होतो आणि एकच शब्द माझ्या डोक्यात गाडीच्या गचक्यांबरोबर वाजत होता. दा-रा-तू-न. स्व-र्गा-तू-न. तेवढीच अक्षरं, तेवढंच वजन. एक शब्द उचलून त्या जागी दुसरा ठेवला तर वृत्ताला पत्ताही लागणार नव्हता. घाट संपेपर्यंत मला कळून चुकलं होतं, की माझ्या आयुष्यातली पहिली खरी ओळ मला सापडली आहे आणि ती माझी नाही.

मी ती तशीच लिहून यशवंतरावांकडे नेली. त्यांनी पहिली चार कडवी मान डोलवत वाचली. पाचव्यावर त्यांचं बोट थांबलं.

"दारातनं?" ते म्हणाले. "कुठल्या दारातनं?"

मी सांगितलं. त्या बाईंनी चारूला सांगू नका म्हटलं होतं. नवऱ्याला सांगू नका असं म्हटलं नव्हतं. मी कापडाच्या दुकानाचं सांगितलं, देवळाचं सांगितलं, एसटीचं सांगितलं. यशवंतराव ऐकत होते की नव्हते कोण जाणे. पिवळ्या धुळीत ते नुसते बसून होते, चारू म्हणाली होती अगदी तसे. मग त्यांनी विचारलं, "गाती का अजून?"

"गातात."

त्यांनी खिशातलं पेन काढलं, माझा शब्द खोडला आणि वर स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं : स्वर्गातून. "छापा," ते म्हणाले. "तुमचं खरं तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. माझी पोरगी फलटणला नांदली पायजे."

मी म्हणालो, छापतो. पण खाली माझं नाव घालणार नाही, आणि ती पाचवी मी म्हणणार नाही.

त्यांनी मान वर केली. "नावासाठी तर तुम्ही लिवता."

"म्हणूनच," मी म्हणालो. फार बाणेदार बोललो असं मला वाटलं, आणि घरी जाईपर्यंत पश्चात्तापही झाला. एक धनावड्यांचं लग्न गेलं म्हणजे पुढची दहा गेली, हे गावात कुणालाही कळलं असतं.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. धनावड्यांच्या वाड्यापुढच्या मोकळ्या जागेत मांडव घातला होता. सूर्य डोंगराआड गेलेला, गुरं घराकडे येत होती, आणि रस्त्यावरची धूळ आणि गोदामातली हळद मिळून हवेला असा काही रंग आला होता, की सगळी माणसं जुन्या फोटोतली वाटत होती. गुलाबी कागद हातोहात वाटले गेले. चारूला पाटाकडे नेत होते तेव्हा ती माझ्याजवळून गेली. जरा थांबली. "कागदावर तुमचं नाव नाही, ते पाहिलं," एवढंच म्हणाली आणि पुढे गेली. तिला ऐकावं लागणार होतं ते लागणारच होतं. माझ्या नावाने त्यात काय फरक पडणार होता, हे मला तेव्हाही कळलं नाही.

अंतरपाट धरला. दामूअण्णा भटजींनी पहिली म्हटली, मग माईक माझ्याकडे आला. दुसरी, तिसरी, चौथी मी म्हटली. अक्षता पडत होत्या. चौथी संपल्यावर मी माईक खाली घेतला आणि कुणाकडेच न बघता उभा राहिलो. दामूअण्णांना वाटलं, माझा घसा बसला. त्यांनी हात पुढे केला. त्यांच्या आधी यशवंतरावांनी माईक घेतला.

धनावड्यांचं गाणं म्हणजे काय ते वाईत सर्वांना ठाऊक होतं. आरतीलासुद्धा ते नुसत्या टाळ्या वाजवत. त्यांच्या हातात गुलाबी कागद होता, पण ते कागदाकडे बघत नव्हते. मांडवाच्या दाराकडे बघत होते. तिथे केळीच्या खुंटांपाशी आगंतुक, वाजंत्री, पोराबाळांना कडेवर घेतलेल्या बाया, अशी दाटी होती. यशवंतरावांनी खाकरून घसा साफ केला आणि बेसूर, हळदीने बसलेल्या आवाजात म्हणायला लागले :

"दारातून बघे सदैव जननी, माया तिची ना सरे..."

कुणाच्या काही लक्षात आलं नाही. ज्यांच्या हातात कागद होता त्यांना वाटलं, म्हातारा चुकला. अंतरपाटाच्या अलीकडे चारूची खाली घातलेली मान झटकन वर आली, तेवढं मी पाहिलं. पुढची ओळ यायला हवी होती. यशवंतरावांचे ओठ हलले, पण आवाज निघेना. माईकमधून सगळ्या मांडवाला त्यांचा नुसता श्वास ऐकू यायला लागला. लोक चुळबुळले. दामूअण्णा त्यांच्या कानाशी लागले.

तेव्हा दाराकडून ओळ आली. माईक नाही, काही नाही.

"लेकीच्या पदरी सुखे उतरु दे, हे मागते अंतरे..."

त्या लग्नात कितीतरी माणसं होती ज्यांनी तो आवाज पूर्वी ऐकला होता. त्यांच्या अक्षतांच्या मुठी जिथल्या तिथे राहिल्या. उरलेल्या दोन ओळी इंदुमतीबाईंनी एकट्यांनीच म्हटल्या. माझ्या लिहिलेल्या नव्हत्या त्या. त्यांनी पाचगणीहून येताना वाटेत जुळवल्या असाव्यात. त्या काय होत्या ते मला आता आठवत नाही, त्यात आशीर्वाद होते, आणि 'कुर्यात् सदा मंगलम्'ला आवाज थोडा हलला.

मुलाकडच्या पहिल्याच रांगेत जगदाळेबाई बसल्या होत्या, नवऱ्या मुलाची आई. भारदस्त बाई. त्यांनी यशवंतरावांना विचारलं, "कोण हो ह्या? गळा काय सुरेख आहे."

मुहूर्ताला शेवटची मंगलाष्टका बाकी होती. अंतरपाट धरलेला होता, हार नवरा-नवरीच्या हातात होते. यशवंतराव सहज म्हणू शकले असते, की लांबच्या नात्यातली आहे. सगळ्या गावाने मान डोलावली असती. गाव जेवलेलं होतं. माईक त्यांच्या हातातच राहिला होता, त्यामुळे ते जे बोलले ते मांडवाबाहेर गुरांपाठी चाललेल्या माणसांनाही ऐकू गेलं असेल.

"आमच्या चारूची आई," ते म्हणाले.

जगदाळेबाईंनी हातातल्या गुलाबी कागदाकडे पाहिलं. त्यात छापलं होतं ते वाचलं. मग दाराकडे पाहिलं. मग आपल्या मुलाकडे. मी आयुष्यात इतक्या मासिकांच्या उत्तरांची वाट पाहिली, पण असा कधी उभा राहिलो नाही. बाईंनी कागदाची घडी घातली, दोनदा घातली.

"मग त्या दारात का उभ्या?" त्या म्हणाल्या. "पोरीचं लग्न आहे. आत घ्या त्यांना. बाकीचं मागाहून बोलू."

यशवंतराव माईक तसाच टाकून गर्दीतून दाराकडे निघाले. माणसं बाजूला सरत होती. इकडे दामूअण्णांचा जीव मुहूर्तात अडकलेला. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि घाईघाईने शेवटची मंगलाष्टका उचलली. पहिलाच शब्द निघाला असेल नसेल, तोच अंतरपाटाच्या अलीकडून, नवरीने बोलू नये अशा जागेवरून, चारूचा आवाज आला, शांत, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"अण्णा, जरा थांबा. माझी आई येतेय."